मंगोलियाच्या कुरणांत पंधरा दिवस : मांड, गेर आणि ओढे

मंगोलियाची राजधानी उलानबातर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ सिंहगडाच्या माथ्याइतकंच. लडाखसारखी विरळ हवा असेल ही धास्ती त्यामुळे पुण्यातच सोडून द्यावी. मध्य मंगोलियातल्या खानगाई डोंगरांत आपण मुख्यतः घोड्यावरून, थोडं सायकलने आणि होडीतून फिरतो, तिथले मुक्काम बहुतेक १,८०० ते २,५०० मीटरच्या दरम्यान पडतात. तिथे दमापेक्षा मांडीचा कस लागतो. दिवसाचे पाच-सहा तास खोगिरावर काढून संध्याकाळी उतरल्यावर धड चालता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता आलं पाहिजे. दर रविवारी सिंहगड चढणारी धडधाकट माणसं इथे तिसऱ्या दिवशी गाडीत बसायला मागतात, कारण त्यांनी पाय तयार केलेले असतात, मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, नाही.

म्हणून तयारी निदान तीन महिने आधी सुरू करावी. पुण्यात घोडेस्वारी शिकवणारे क्लब आहेत. तिथे दहा-बारा धडे घेतले तरी पुरतात, फक्त काय शिकायचं ते ठरवून जावं. भरधाव दौडीची हौस नंतर भागवता येईल. आधी दुडकी चाल जमवायची. मंगोल घोडा दिवसाचा बराच भाग दुडकीत काढतो. त्या चालीत खोगिरावर नुसतं बसून राहिलं तर प्रत्येक पावलाला कणा आपटतो. तिथले लोक रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांत, अर्धवट उभे राहून जातात, गुडघे मऊ ठेवून. ही अवस्था सलग पंधरा-वीस मिनिटं टिकवता आली की निम्मं काम झालं. घरी उठाबशा आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं दोन-दोन मिनिटं बसणं रोज करावं. तळजाई किंवा वेताळ टेकडीवरचं चालणं पायी चढायच्या टप्प्यांसाठी उपयोगी आहेच, पण मांडीच्या आतल्या स्नायूंना त्याचा काही उपयोग होत नाही.

केव्हा जायचं, याबद्दल आमचं मत पक्कं आहे : ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरची सुरुवात. जूनमध्ये हिरवळ नुकती फुटलेली असते आणि घोडे हिवाळ्यातून बाहेर पडून अजून अंग धरत असतात. रोज माणूस वाहून न्यायला ते फार बरे नसतात. ११ ते १३ जुलैला नादाम हा त्यांचा राष्ट्रीय सण असतो. कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती पाहायच्या असतील तर तेव्हा जावं, पण त्या आठवड्यात चांगले घोडे आणि चांगले गुराखी शर्यतींमध्ये गुंतलेले असतात, मुक्कामही भरलेले. वर्षातला बहुतेक पाऊस जुलै-ऑगस्टमध्येच पडतो, तेव्हा ओढे फुगतात आणि गोमाश्या घोड्यांना हैराण करतात. ऑगस्ट संपता संपता घोडे भरलेले असतात, माश्या गेलेल्या असतात. बदल्यात रात्री पारा शून्याजवळ जातो. पुणेकरांना अडचण एकच, गणपती. बसतात केव्हा ते पाहून तारखा पुढेमागे कराव्या.

पुण्याहून थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई गाठून सोल, हाँगकाँग अशा एखाद्या ठिकाणी विमान बदलून जावं लागतं. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी मंगोलियाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावेत. नवा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि शहरातली वाहतूक पुण्यातल्या सायंकाळच्या कोंडीला हार न जाणारी, म्हणून पोचल्याचा दिवस रिकामा धरावा. त्या दिवशी सिमकार्ड घ्यायचं, पैसे काढायचे आणि मोठ्या दुकानातून तांदूळ, भाजी, फळं, चहा भरायचा. चलन तुग्रिक, एका डॉलरला साधारण साडेतीन हजार. शहराबाहेर रोखच चालते असं धरून पैसे काढावेत.

सामानाचं गणित असं की काही दिवस ते घोड्याच्या पाठीवर जाणार आहे. ओझ्याच्या घोड्यावर दोन्ही बाजूंना सारखं वजन लागतं, नाहीतर खोगीर एका कुशीला सरकतं आणि पाठीला जखम होते. म्हणून चाकांची कडक बॅग नको. मऊ पिशवी, माणशी १२ ते १५ किलो, आणि आत दोन जलरोधक पिशव्या : एकीत झोपायची थैली, दुसरीत कोरडे कपडे. इथे खोगीरभरती अगदी शब्दशः घोड्याला भोवते. झोपायची थैली उणे ५ अंशांपर्यंत आराम देणारी हवी. हेल्मेट आपलं घेऊन जावं, कारण तिथे मिळेल आणि आपल्या डोक्याला बसेल याची शाश्वती नसते. बुटाला थोडी टाच हवी आणि तळवा फार रुंद नको. जाड खाचांचे ट्रेकिंगचे बूट रिकिबीत अडकतात आणि पडताना पाय सुटत नाही. हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात. पँटच्या आत सायकलवाल्यांची गादीची चड्डी घालावी आणि मांडीला रोज सकाळी पेट्रोलियम जेली चोपडावी. सालटं गेल्यावर लावून काही उपयोग नसतो.

एक घोंगडी मात्र जरूर न्यावी. लाकडी मंगोल खोगीर पुढून-मागून उंच आणि दिसायला देखणं असतं, पण सवय नसलेल्याला ते दोन तासांत नको होतं. पाहुण्यांना बहुधा गादीचं रशियन धाटणीचं खोगीर देतात, तेही कडकच. त्यावर घोंगडीची चौघडी टाकून पट्ट्याने घट्ट आवळली तर फरक पडतो. सैल टाकली तर सरकते आणि घोडा बिचकतो.

उलानबातरहून पश्चिमेला निघालं की शंभरेक किलोमीटरवर हुस्ताई राष्ट्रीय उद्यान लागतं. जंगली घोड्यांची ताखी ही जात रानातून नाहीशी झाली होती. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या घोड्यांच्या वंशातले घोडे १९९२ पासून इथे आणून सोडले. संध्याकाळी ते पाण्यावर उतरतात, तेव्हा मुक्काम तिथेच करावा. पुढे खारखोरिन, उलानबातरपासून सुमारे ३६० किलोमीटर. इथे मंगोल साम्राज्याची राजधानी काराकोरम होती आणि तिच्याच दगडांतून सोळाव्या शतकात एर्देने झू हा मठ उभा राहिला. त्याच्या तटावर १०८ स्तूप आहेत. खारखोरिनपर्यंत डांबरी रस्ता आहे. तो सोडून ओरखोन नदीच्या खोऱ्यात शिरलं की नुसते चाकांचे माग उरतात, एका वेळी आठ-दहा समांतर. इथे किलोमीटर मोजून वेळ काढू नये. शंभर किलोमीटरला कोरड्यात चार तास, पावसानंतर दिवस. रशियन बनावटीची करडी उंच व्हॅन, जिला तिथे फुर्गोन म्हणतात, आरामदायी अजिबात नसते, पण चालक ती माळावरच उघडून दुरुस्त करतो आणि म्हणूनच ती अजून टिकून आहे.

दिवाळीनंतर पुणे जिल्ह्यातून कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, घोड्यावर लादलेला संसार आणि रात्री शेतात बसवलेली मेंढरं पाहिली आहेत, त्यांना इथल्या कुटुंबात शिरायला फार वेळ लागत नाही. फरक मात्र नीट समजून घ्यावा. खानगाईतलं कुटुंब वाट फुटेल तिकडे जात नाही. त्यांच्या हिवाळ्याच्या, वसंताच्या, उन्हाळ्याच्या आणि शरदाच्या जागा ठरलेल्या असतात, आणि डोंगराळ भागात त्या एकमेकींपासून फार लांब नसतात. कुरणं खाजगी मालकीची नाहीत, म्हणून कुंपण नाही आणि आपण सरळ रेषेत घोडा हाकू शकतो. पण डोंगराच्या आडोशाला लाकडी गोठा दिसला आणि भोवती माणूस नसलं, तर ती हिवाळ्याची जागा. तिथे तंबू ठोकू नये, घोडे चारू नयेत. ते गवत जानेवारीसाठी राखलेलं असतं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात झूद आला, म्हणजे बर्फाने गवत गाडलं गेलं, आणि ७० लाखांहून अधिक जनावरं दगावली. त्या राखलेल्या गवताची किंमत अशी असते.

गेर, म्हणजे त्यांचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं गोल घर. भिंतीच्या लाकडी जाळ्या जुन्या लिफ्टच्या जाळीदार दारासारख्या मिटतात. वर तोनो हे लाकडी चक्र, त्यातून धुराड्याची नळी, आणि चक्राला आधार देणारे मध्ये दोन खांब. दार दक्षिणेला. जवळ जाताना दुरूनच थांबून हाक द्यायची, 'नोखोय खोर', कुत्रं धरा. हा केवळ शिष्टाचार नाही, कुत्री खरोखर राखणदार असतात. आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही) आणि पाहुण्याने डावीकडे वळायचं. दोन खांबांच्या मधून वस्तू द्यायची नाही, खांबाला टेकायचं नाही, पाय चुलीकडे करायचे नाहीत, चुलीत कचरा टाकायचा नाही. वाटी उजव्या हातात घ्यायची आणि डावा हात उजव्या कोपराला लावायचा. जळण म्हणजे वाळलेलं शेण. गोवऱ्यांवर चहा प्यायलेल्या माणसाला त्या वासाने घरीच आल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा येतो तो सुतेई छाय, मीठ घातलेला दुधाचा चहा. त्याला चहा न समजता पातळ कढणासारखं प्यावं, मग आवडतो. उर्म ही जाड साय, ती ब्रेडवर किंवा बोर्त्सोग या तळलेल्या तुकड्यांवर घालतात. आरूल म्हणजे उन्हात वाळवलेलं दह्याचं घट्ट ढेकूळ, ते चावायचं नाही, गालात धरून विरघळवायचं. दाताचं भरण सैल असेल तर पुण्यातच दाखवून निघावं. आयराग हे घोडीचं आंबवलेलं दूध, ताकासारखं आंबट, किंचित फेसाळ, थोडं मद्यार्क असलेलं. ते आवडून दोन-तीन वाट्या पिणाऱ्यांची रात्र वाईट जाते, कारण आतड्यांना सवय नसते. पहिल्या दिवशी अर्धी वाटी पुरे. नको असेल तर वाटी ओठांना लावून परत द्यावी, राग येत नाही. घोड्या दिवसातून पाच-सहा वेळा, साधारण दोन-दोन तासांनी पिळतात. कुटुंबातली माणसं दुपारी आपल्याबरोबर फिरायला का येत नाहीत, याचं उत्तर यात आहे.

शाकाहारी माणसाने 'बी मख इद्देग्गुई', मी मांस खात नाही, हे पाठ करावं आणि तरीही स्वतःची शिधा न्यावी. पीठ, भात, बटाटा, कोबी, गाजर मिळतं, पण त्सुइवान या शेवयांत आणि बूझ या उकडलेल्या करंज्यांत मांसच असतं. मेतकूट, थालिपीठाची भाजणी, कोरडी लसूण चटणी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, या चार गोष्टींवर सात दिवस निघतात. गरम भातावर उर्म आणि मेतकूट घालून पाहावं.

आता घोडा. मंगोल घोडा लहान, खांद्याला चार-साडेचार फूट, पण त्याला तट्टू समजू नये. तो वर्षभर उघड्यावर राहतो, हिवाळ्यात बर्फ उकरून गवत खातो आणि आपल्यापेक्षा रस्ता चांगला जाणतो. त्याला बहुधा नावही नसतं, रंगावरून ओळखतात. तेव्हा आपल्या घोड्याचा रंग आणि डाग नीट लक्षात ठेवावा. वजन आयोजकाला खरं सांगावं. ९०-१०० किलोच्या पुढच्या माणसाला अनेक जण घोडा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जवळ नेहमी डाव्या बाजूने जायचं, चढायचं-उतरायचंही डावीकडूनच. दुसऱ्या बाजूची त्याला सवय नसते. दोन्ही लगाम एका हातात, डाव्या. त्याशिवाय तोंडाच्या पट्ट्याला एक लांब दोर असतो, तो कधीही सोडायचा नाही. पडलात तरी दोर हातात राहिला तर घोडा राहतो. पण तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, कारण घोडा पळाला तर तो तुम्हाला ओढत नेईल. चालवायला 'चू' म्हणायचं. टाचेपेक्षा आवाज पुरतो.

पडण्याची कारणं मोजकीच असतात आणि तीच तीच असतात. पहिलं, सैल तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवतो, म्हणून निघाल्यावर वीस मिनिटांनी उतरून तंग पुन्हा आवळायचा. मंगोल खोगिराला दोन तंग असतात, दोन्ही तपासावे. ओढ्यात पाणी प्यायल्यावर आणि लांब उतार लागण्याआधी पुन्हा. दुसरं, फडफडणारं काहीही : घोड्यावर बसून जॅकेट काढणं, रेनकोट उघडणं, खाऊच्या प्लॅस्टिकचा चुरचुराट, गळ्यात लोंबणारा कॅमेरा. पावसाचे ढग दिसले की थांबून, उतरून, गुराख्याला घोडा धरायला देऊन रेनकोट घालायचा. तिसरं, मार्मोट या मोठ्या खारीसारख्या प्राण्याची बिळं. सपाट दिसणारं कुरण बिळांनी भरलेलं असतं. घोड्याला मान मोकळी दिली तर तो स्वतः चुकवतो, लगाम आखडून धरणाऱ्याचाच घोडा अडखळतो. पाय रिकिबीत फक्त चवड्यापर्यंत. गुडघे दुखू लागले तर रिकीब एक भोक लांब करून मागावी. गुराखी स्वतः आखूड रिकिबीवर बसतो आणि आपल्यालाही तशीच बांधून देतो.

रात्री घोड्यांना पायबंद घालतात, पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन पाय चामड्याच्या पट्ट्याने बांधून चरायला सोडतात. तरीही सकाळपर्यंत ते दोन-तीन किलोमीटर सरकलेले असतात. गुराखी त्यांना शोधून आणणार, लादणार, चहा होणार, मग दहाच्या सुमारास निघणं होणार. सातला निघायचा हट्ट धरून काही मिळत नाही. दिवसाला २० ते २५ किलोमीटर पुरेसे आहेत. ओरखोनच्या धबधब्यापासून नैमान नूर, म्हणजे आठ सरोवरांपर्यंत जाऊन यायला चार ते पाच दिवस धरावे. वाट लाव्हाच्या धारदार दगडांतून, लार्च या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून आणि शेवटी दलदलीतून जाते. दलदलीत घोडा पोटापर्यंत रुतू शकतो. तिथे गुराख्याच्या घोड्याच्या पावलावर पाऊल, आणि तो उतरला की आपणही उतरायचं. काही चढ चालतच करावे लागतात, त्यामुळे ट्रेकचा वेगळा दिवस आखायची गरज उरत नाही.

ओढा ओलांडताना वरच्या अंगाला तोंड करून तिरकं जायचं, नजर वाहत्या पाण्यावर नाही तर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे पाहिलं की भोवळ येते आणि माणूस त्याच बाजूला झुकतो. पाणी गढूळ आणि चढतं असेल तर थांबायचं. सकाळी उतरतं. म्हणून आमच्या आखणीत दर चार दिवसांमागे एक दिवस कोरा असतो. तो नसला की गुराख्यावर दबाव येतो आणि चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पाण्यात घोडा घातला जातो. दुपारी वीज कडाडू लागली तर खिंडीवरून, माथ्यावरून खाली यायचं आणि घोड्यावरून उतरायचं. उघड्या कुरणात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे घोड्यावरचा माणूस.

सायकलचे दोन दिवस खारखोरिनच्या बाजूच्या मोकळ्या खोऱ्यात ठेवावेत, लाव्हाच्या वाटेवर नाही. टायर दोन इंचांहून रुंद, हवा बेताची. गाड्यांनी पाडलेल्या लाटालाटांच्या रस्त्यापेक्षा शेजारचा जुना, गवत आलेला माग बरा. वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि दुपारनंतर वाढतो. तेव्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं आणि दुपारी एकपर्यंत संपवायचं.

ओरखोनवर हवा भरलेल्या रबरी होड्यांतून एक दिवस पुरे. नदी वेगवान नाही, पण फाटे फुटतात. रुंद दिसणारा फाटा नव्हे, ज्यात जास्त पाणी जातंय तो घ्यायचा, नाहीतर होडी गोट्यांवरून ओढत न्यावी लागते. धोका वळणावर पडलेल्या झाडांचा. पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. वळणाआधी काठाला लागून पाहून घ्यावं. पाणी ऑगस्टमध्येही हाडं गारठवणारं असतं, म्हणून सुती कपडे नकोत.

पिण्याचं पाणी गाळून आणि उकळूनच, वरच्या अंगाला जनावरं असतातच. भांडी, अंग आणि कपडे नदीत धुवायचे नाहीत, पाणी काढून लांब नेऊन धुवायचे. मार्मोटला हात लावायचा नाही आणि कोणी मांस दिलं तरी खायचं नाही, त्यातून प्लेग होतो. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं आणि रेबीजच्या आगाऊ लशीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. मोडलेल्या हाडावर नीट उपचार उलानबातरमध्येच होतात, आणि तिथवर एक ते दोन दिवस लागतात. म्हणून विम्यात घोडेस्वारी आणि हेलिकॉप्टरने हलवणं ही दोन वाक्यं लिहिलेली आहेत का, ते स्वतः वाचावं. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०३, पण दऱ्यांत फोनला रेंज नसते, त्यामुळे गटात एक उपग्रह संदेशयंत्र असावं.

पैशाचा एक मुद्दा आधीच स्पष्ट करून घ्यावा. घोड्याचे रोजचे पैसे वेगळे, गुराख्याचे वेगळे, त्याच्या स्वतःच्या आणि ओझ्याच्या घोड्याचेही वेगळे. वाट एकेरी असेल तर तो रिकामे घोडे घेऊन घरी जाईपर्यंतचे दिवसही आपणच द्यायचे. हे न ठरवल्यामुळे शेवटच्या संध्याकाळी कडवटपणा येतो, आणि चूक बहुधा आपली असते. पैसे दोन्ही हातांनी द्यावेत.

भेट म्हणून उलानबातरहून आणलेली सफरचंदं, तांदूळ, पीठ, सुईदोऱ्याचा डबा आणि मुलांना वह्या-रंग उपयोगी पडतात. गोळ्या-चॉकलेटं वाटू नयेत. त्यांना सगळ्यात जास्त हवे असतात ते त्यांच्या घोड्यांबरोबरचे फोटो, कागदावर. पुण्यात परतल्यावर ते छापून उलानबातरच्या चालकाकडे पाठवता येतात. पाकिटावर घराचा पत्ता नसतो. दरीचं नाव, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि मोबाइल नंबर, एवढं लिहायचं. तोवर कुटुंब शरदाच्या जागी गेलेलं असतं, पण चालक फोन करून विचारतो आणि पोचवतो.